हात थांबवणारी काकी

गेल्या गणपतीत, पाचव्या दिवशी संध्याकाळी, निपाणीतल्या आमच्याच गल्लीच्या मंडळानं माझ्या काकीवर अन्याय केला, आणि तोही शाल-नारळ देऊन. काकीला जन्मापासून ऐकू येत नाही. विड्या वळणाऱ्या या बाईइतकं हसवणारं माणूस बेळगावपासून कोल्हापूरपर्यंत दुसरं नाही. ज्याला पटत नसेल त्यानं वादाला यावं. सीमालढ्याच्या घोषणा देऊन देऊन माझा घसा तयारच आहे.

दुपारी अंगणात बाया मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसल्या की काकीचा नकलांचा खेळ सुरू होतो. विड्या तपासणारा कारखान्याचा माणूस ती असा काही करते की विचारू नका: नाकावर नसलेल्या चष्म्यावरून बघते, चांगल्या विडीत खोट काढते आणि तीच कानावर ठेवते. सीमाप्रश्नावर बोलणारे दोन पुढारी करते, एक त्यांचा कानडी, एक आमचा मराठी. आवाज काढून घेतला की दोघांचं बोट नाचवणं, रुमालानं घाम पुसणं हुबेहूब एकच निघतं. हे बघून आम्ही चळवळीतली पोरं आधी चपापलो, मग पोट धरून हसलो. आणि हिला ऐकू येत नाही हे कळल्यावर लोक काय करतात, हा तर तिचा हुकमी खेळ: आधी जबडा फाडून ओरडतात, मग हवेत अक्षरं काढतात, शेवटी हातात केळं देतात. चिकोडीकडच्या कानडी बाया आणि आमच्या मराठी बाया एकदमच हसतात.

ते हसू तिला ऐकू येत नाही. ती हात बघते. विडीवाल्या बाईचा हात सहसा थांबत नाही, थांबला तर मजुरी जाते. तोंडानं कितीही हसा, काकी मान हलवते: कच्चं. सुपातले हात थांबले की मगच तिच्या लेखी विनोद झाला. टीव्हीवरच्या नावाजलेल्यांपैकी कुणी ही परीक्षा देऊन दाखवावी.

तर मंडळानं सत्कार केला, पाहुण्यांनी ‘बिचारी’ हा शब्द मनसोक्त वापरला आणि खेळ सुरू होताच मंडपातले दिवे घालवले. स्टेज लख्ख, समोर काळोख. काकीनं पहिली नक्कल केली, कपाळावर हात धरून माणसं शोधली, नमस्कार केला आणि खाली उतरली. लोकांना तोही विनोदच वाटला. मंडप हसत होता, टाळ्या पडत होत्या, आणि त्यातलं काहीच तिच्यापर्यंत पोचलं नाही.

“अण्णा, दिवे का घालवलासा?” मी मंडळाच्या अध्यक्षांना विचारलं.

“आरं, नाटकाला अंधार लागतोय. आन् एवढी शाल दिली की तिला.”

“शालीतनं माणसं दिसत्यात व्हय?”

तेव्हापासून अंगणातही ती भिंतीकडं तोंड करून बसते. तिच्या खुणा सगळ्यात आधी कळतात तिच्या सुनेला. सून म्हणाली, “ती म्हणत्या, आपण करायचं आन् लोकांनी लपून बसायचं, ह्यो कसला खेळ?” दिवसभर बायांचे हात चालूच असतात, एकदाही थांबत नाहीत.

यंदाही मंडळ तिचा सत्कार करणार आहे. खेळाचं विचारलं तर अण्णा म्हणतात, “भाषणं झाल्यावर येळ उरला तर बघू.” काकीनं सुनेकडून कळवलंय: लोक दिसणार असतील तर येईन. म्हणून, वाचणाऱ्यांनो, कौतुकानं मान डोलवून हे पान मिटू नका. मंडपात या, पुढं बसा, आणि दिवे घालवायला कुणी उठला तर मोठ्यानं ओरडून अडवा. काकीला ऐकू जाणार नाही. मंडळाला ऐकू जायला हवं.