जास्तीचं हाड

डॉक्टरांनी पाहायच्या आधीच शेजारच्या भाऊंच्या खुब्याचा एक्स-रे खिडकीशी धरून मी सांगून टाकलं, "भाऊ, खोबणीजवळचा तुकडा तुटला." मी मराठीचा मास्तर, हाडांशी माझा संबंध मटणापुरता.

भाऊ घुग्घुसच्या खाणीवर ट्रक चालवायचे. खुबा दुखतो म्हणून मोटरसायकलवर उजव्या बाजूनं टांग टाकायचे, आणि प्रत्येक वाक्याआधी "आता पाहा" म्हणायचे. त्या सकाळी एवढंच म्हणाले, "आता पाहा, म्हंजे माहं ट्रक चालवनं सुटलं." आणि चंद्रपूरला डॉक्टरकडे गेले.

संध्याकाळी मोटरसायकल त्यांच्या घरावरून पुढे येऊन आमच्या दारात थांबली.

"आता पाहा मास्तर, तुटलं-गिटलं काई नाई. काही लोकायले तिथी एक बारकं हाड जास्तीचं रायते, जन्मापासून. थोडा व्यायाम करा, ट्रक चालवा म्हने."

"मग आधी घरी सांगा ना!"

"सांगतोच. म्हटलं, तुमी जेवले नसान."

मी खरंच सकाळपासून जेवलो नव्हतो. भाऊ पुन्हा उजवीकडून टांग टाकून गेले. ताट वाढता वाढता बायको म्हणाली, "त्याईचं ते जास्तीचं हाड तुमच्या जिभेले पायजे होतं."