सुवर्णाच्या नावावर चढलेली ओळ

व्हय, ती ओळ सुवर्णाच्याच नावावर होती. वाचता येतं मला.

कुणी विचारलं नाय, तरी सांगतो. सकाळपासून सगळे मोबाईलवर तिच्या फोटोखाली हात जोडायलेत म्हणून.

माझी लेक जाऊन आज वर्ष झालं. कावीळ झाली, आठ दिवसांत गेली. कावीळ काय तिच्या कंपनीनं केली नाय.

पण त्याच्या आधी तीन महिने ती घरी बसून होती. ते कंपनीनं केलं.

चितेगावच्या एका कारखान्याचं सॉफ्टवेअर हे कंपनीचे लोक बघायचे. एक दिवस ते बंद पडलं, अख्खी शिफ्ट उभी राहिली. कोणती ओळ कुणी बदलली, याची कॉम्प्युटरमधी नोंद असती. तिच्या साहेबानं चुकलेली ओळ हुडकून काढली. पुढं नाव सुवर्णाचं.

खतम. घरी जा.

मला उमजंना. ती म्हणली, "अण्णा, तुमच्या फेरफारासारखंच हाय."

मी पिशोरला तलाठ्याच्या हाताखाली कोतवाल होतो. शिक्षण सातवी. पण जमीन कुणाकडून कुणाकडं गेली, ती नोंद मला कळती.

"मग तू काय फेरफार केला?"

"काहीच नाय. फाईल वेडीवाकडी होती, ओळी सरळ केल्या. नुसती जागा मागंपुढं. तर सगळ्याच ओळींवर माझं नाव चढलं."

"आन् आधीचं नाव?"

"मागच्या नोंदीत हाय ना. पण बघतं कोण? माझं लॉगिन त्याच दिवशी बंद केलं."

"साहेबाला सांगितलं का?"

"सांगितलं. म्हणले, मॅडम, रेकॉर्ड झूट नाही बोलत."

अरे, निस्ती शेवटची नोंद बघून मालक ठरवतेत व्हय? आमच्या तलाठ्यानं असं केलं असतं तर गावानं चावडीतच कोंडला असता.

दहाव्याला तिच्यासंगं काम करणारी एक पोरगी आली. लॅपटॉप उघडला, एकेक नोंद मागं मागं गेली.

ती ओळ सुवर्णा नोकरीला लागायच्या आधीची. लिहिणाराचं नाव साहेबाचं.

"काका, माझं नाव नका सांगू. नोकरी जाईल."

"तिची गेली तवा का नाय उघडलं हे?"

पोरीनं लॅपटॉप मिटला. मी चहा दे म्हणलं घरात. दुसरं काय करणार?

आज त्याच साहेबानं लिहिलंय, 'हुशार, मेहनती सहकारी. भावपूर्ण श्रद्धांजली.'

साहेब, श्रद्धांजली ठेवा तुमच्याजवळ. ऑफिसच्या ग्रुपवर तीन शब्द टाका. ओळ माझी होती. बास.

सुवर्णा, बाई, चूक तुझी नव्हती. जा आता निवांत.

फोन करू नका कुणी. मला आणखी काय बोलायचं नाय.