बागेत सोडलेला मेंढा

“झाडांत कुणी मेंढा सोडतं का? सांग की! अख्ख्या दौंड तालुक्यात असा एक माणूस दाखीव मला.”

“माणूस कशाला, बाई दाखवते. ही काय, तुमच्या पुढ्यात हुबी हाय.”

“मुक्ते, बाजूला हो. कोयता हाय हातात.”

“दिसतोय. धार न्हाई त्याला. काल मीच त्यानं नारळ फोडलाय.”

सावळाराम कोळप्यांनी कोयत्याच्या धारेवरून अंगठा फिरवून पाहिला. बाई खरं बोलत होती, आणि त्यामुळे त्यांचा राग आणखीच वाढला.

भांडण होतं घरामागच्या एका डाळिंबाच्या झाडावरून. भांड्यांच्या मोरीच्या सांडपाण्यावर वाढलेलं, छाटणी माहीत नसलेलं, वाटेल तसं वर गेलेलं झाड. त्याच्या पानांवर बारीक तपकिरी ठिपके असायचे, म्हणून मुक्ताबाईंनी त्याचं नाव ठेवलं होतं कबरी. ठिपक्याठिपक्यांच्या मेंढीला ठेवतात तसं.

या कबरीची एक फांदी मुक्ताबाईंनी गेल्या पावसाळ्यात गुपचूप बागेत नेऊन लावली होती. मधल्या ओळीत एक झाड मेलं होतं, त्या खड्ड्यात. आज सकाळी सावळारामांना तिथं एक फळ दिसलं. नव्या रोपाचं पहिलं फळ म्हणून त्यांनी कौतुकानं फोडून दाणे तोंडात टाकले आणि त्यांचा एक डोळा आपोआप मिटला. तो उघडला तेव्हा ते कोयता शोधत होते.

“ठिपक्याचं झाड म्हंजी तेल्याचं घर,” ते म्हणाले. “औषधाच्या दुकानदारानं स्पष्ट सांगितलंय. माझ्या बागेत तेल्या आला तो हिच्यापासनं. ही पण तोडणार आन् बागेतलं तिचं पिल्लू पण.”

तेल्या हा डाळिंबाचा रोग. एक जिवाणू पानाफळांत शिरतो, तेल सांडल्यासारखे डाग पडतात आणि पिकायच्या आधी फळ उभं चिरतं. कोळप्यांच्या बागेत यंदा निम्मी फळं चिरली होती.

“हिच्यापासनं आला तर ही कशी मेली न्हाई?” मुक्ताबाई कबरीच्या खोडाला पाठ लावून उभ्या राहिल्या. “रविवारी अपेक्षा येतीय. तिला बघू द्या. तवर कोयता खाली.”

अपेक्षा ही नात. बापाची नोकरी कंपनीत, म्हणून घर शिक्रापूरला भाड्याचं, आणि स्वतः ती कृषी महाविद्यालयात झाडांच्या जनुकांवर एम.एस्सी. करत होती. सावळारामांचा दुकानदारापेक्षा तिच्यावर किंचित जास्त विश्वास होता, कारण ती फुकट सांगायची.

कोयता खाली आला.

*

मुक्ताबाईंचा जन्म मेंढरांच्या तळावरचा. बाप कळप घेऊन कोकणपट्टीत उतरायचा, पावसाळ्याच्या तोंडाला परत यायचा, आणि त्या येण्याजाण्यात त्या चालायला, मोजायला आणि शिव्या द्यायला शिकल्या. कोकराचं तोंड उघडून जबड्यावरून त्याची आई सांगायच्या. कुठल्या मेंढीच्या पोटची पोरं खोकल्यात टिकतात, कुठलीची पहिल्या गारठ्यात जातात, हे त्यांना तोंडपाठ होतं. बापाचा एक नियम होता: कळपातला मेंढा दोन-तीन वर्षांनी बदलायचा, दुसऱ्याच्या कळपातला दणकट आणायचा. “नवा मेंढा आला की कळप सुधरतो,” बाप म्हणायचा, आणि पोरगी ते डोळ्यांनी बघायची.

मग लग्न झालं, काही वर्षं चालणं झालं, शेततळं झालं आणि सावळारामांनी कळप विकून कासुर्डीजवळच्या माळावर भगवा जातीचं डाळिंब लावलं. मुक्ताबाईंनी तक्रार केली नाही. त्या फक्त मेंढरांशी वागावं तशा बागेशी वागू लागल्या. संध्याकाळी ओळीतून फिरून गणती घ्यायच्या. एखादं झाड मलूल दिसलं की “काय गं, काय खाल्लंस?” म्हणून विचारायच्या. शेजारच्या बायका हसायच्या, तर म्हणायच्या, “हसा. पर माझं एक बी झाड आजवर हरवलं न्हाई.”

कबरी मात्र त्यांच्या चालण्याच्या दिवसांतली. शेवटच्या साली घाट चढून परतताना एका कुंपणावरचं रानटी डाळिंब त्यांनी खाल्लं होतं. बिया पदराला बांधून आणल्या होत्या. त्यातली एक उगवली.

*

अपेक्षा आली, चहा न घेताच मोरीवर गेली आणि पिशवीतून भिंग काढून पानांना लावलं. दोन्ही बाजूंना दोन म्हातारी माणसं उभी.

“आबा, हे तेल्याचे डाग वाटत नाहीत.”

“मग काय, गोंदवून घेतलंय तिनं?”

“तेल्याचा डाग ओला दिसतो, कडेनं पिवळं कडं असतं आणि तो पसरत जातो. हा बघा, कोरडा. आहे तिथंच थांबलाय. कधीकधी असं होतं, जिवाणू आत शिरला की झाड त्याच्या आजूबाजूच्या आपल्याच पेशी मारून टाकतं. जिवाणूला खायला जिवंत काही उरत नाही. तो तिथंच अडकतो.”

“वणवा आला की म्होरचं गवत आपणच जाळायचं,” मुक्ताबाई म्हणाल्या. “तसंच ना? आमी माळावर करायचो.”

“अगदी तसंच, आज्जी.”

“ऐकलंत का?”

“ऐकलं. मग माझ्या भगव्याला ही अक्कल का न्हाई?”

“अक्कल नाही आबा, ओळख. आधी चोर ओळखता आला पाहिजे. झाडाला आईबापाकडून जनुकं मिळतात, त्यातलं एखादं राखणदार घडवतं. तो राखणदार जिवाणूला ओळखतो आणि बोंब मारतो.”

“कुत्रं,” मुक्ताबाई म्हणाल्या.

“कुत्रंच समज. पण हे कुत्रं एकाच चोराचा वास ओळखतं. भगव्याकडं तसलं कुत्रं नसावं. कबरीकडं असावं.”

“नसावं, असावं! कॉलेजात हेच शिकवत्यात व्हय?”

“हेच शिकवतात, आबा. तपासल्याशिवाय ‘आहे’ म्हणायचं नाही.”

मुक्ताबाईंची मान ताठ झाली होती. “म्हणून तर मी तिची फांदी मधल्या ओळीत सोडली. दणकट मेंढा हाय. आता समदी बाग सुधरंल बघ.”

अपेक्षानं भिंग मिटलं. “आज्जी... नाही सुधारणार.”

“का?”

“शेजारी लावलं म्हणून कुत्रं या झाडातून त्या झाडात जात नाही. मेंढा आणला की जुन्या मेंढ्या बदलतात का?”

मुक्ताबाईंचा इतक्या वर्षांचा धंदा, आणि एवढी साधी गोष्ट झाडांच्या बाबतीत डोक्यातच आली नव्हती. “कोकरं बदलत्यात,” त्या हळूच म्हणाल्या.

“आणि आपल्या बागेत कोकरं कुठायत? फांदीची साल सोलून, ओलं शेवाळ बांधून, मुळं फुटवून लावतो आपण. गुटी. सगळी झाडं एकाच झाडाच्या फांद्या. एकाला जो रोग लागतो तो सगळ्यांना लागतो.”

“म्हंजी हा कळपच न्हाई,” मुक्ताबाई बागेकडे बघत राहिल्या. “ह्या बांधापासनं त्या बांधापर्यंत एकच मेंढी हाय.”

सावळाराम इतके खूश झाले की त्यांनी स्वतः जाऊन चहाचं आधण ठेवलं. लग्नानंतर पहिल्यांदाच. “साखर जास्त टाकतो गं! मेंढ्याला पण एक कप देऊ का?” आतून आवाज आला.

“द्या. आन् ऐका. मेंढ्याच्या शेजारच्या झाडांची फळं मी ठेवणार. त्यांच्या बियांत कोकरं असतील. ती लावणार.”

“मधमाश्यांनी मेंढ्याचे पराग तिकडं नेले असतील तर असतील काही,” अपेक्षा म्हणाली. “काही आंबट निघतील, काही रोगट. फळ यायला तीन-चार वर्षं. आणि जिवाणूही बदलत राहतात, आज ओळखलेला चोर उद्या वेगळा वास घेऊन येईल.”

“मग कोकरं समदी सारखी निघत्यात व्हय? निवडायची असत्यात. त्याला काय घाई हाय?”

“थांबा, थांबा.” सावळाराम कप घेऊन दारात आले. “कोकरं नंतर. आधी ह्या कबरीकडं कुत्रं हाय का न्हाई ते दावा. नसलं तर कोयता. आता त्याला धार लावून आणलीय.”

*

अपेक्षानं रोगट पान पाण्यात चुरगळलं, त्यात बाभळीचा काटा बुडवला आणि भगव्याच्या आणि कबरीच्या काही पानांना टोचला. टोचलेल्या पानांच्या देठांना मुक्ताबाईंनी काळ्या लोकरीचा धागा बांधला. कबरीची तीन पानं खालची. एक कोवळं पान मात्र अपेक्षानं मोरीच्या भिंतीवर चढून, पार शेंड्याजवळचं निवडलं.

“पुढच्याच्या पुढच्या रविवारी बघा. पान तोडायचं नाही, हात लावायचा नाही. ओलं, पिवळ्या कड्याचं झालं तर आबा जिंकले. कोरडा ठिपका राहिला तर आज्जी.” एवढं सांगून ती गेली.

नंतर वस्तीवर एक चमत्कार दिसू लागला. सावळारामांना रोज सकाळी मोरीवरच तोंड धुवावंसं वाटायचं, आणि तेही चष्मा लावून. “मला काय करायचंय पानाशी!” म्हणत ते पानाशी नाक नेऊन उभे राहायचे. मुक्ताबाई आल्या की खाकरून दात घासायचे.

निकालाला दोन दिवस राहिले आणि बांडी सुटली. बांडी म्हणजे मुक्ताबाईंची उरलेली एकुलती एक शेळी. ती मागच्या पायांवर उभी राहिली आणि खालची तिन्ही पानं धाग्यांसकट खाऊन गेली.

“पुरावा खाल्ला!” सावळाराम ओरडले. “तूच सोडलीस तिला! हरणार व्हतीस म्हणून!”

“मी सोडली? दावं कुणी बांधलं व्हतं काल?”

दावं सावळारामांनीच बांधलं होतं.

रविवारी अपेक्षाची परीक्षा होती, ती आली नाही. भगव्याची पानं दोघांनी मिळून पाहिली. पिवळी कडी, मध्ये तेल. त्यात वाद नव्हता. आता उरलं होतं कबरीच्या शेंड्याचं एकच पान, आणि तिथवर मुक्ताबाईंच्या गुडघ्यांना जाता येत नव्हतं, मोतीबिंदूवाल्या डोळ्यांना तर नाहीच.

सावळारामांनी शिडी भिंतीला टेकवली.

“खरं सांगाल का?” मुक्ताबाईंनी शिडी धरली.

“मी कवा खोटं बोललो?”

“लगनात. म्हणला व्हता, मेंढरं कवाच इकणार न्हाई.”

सावळारामांनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला. मग चढले. वर पोहोचले, चष्मा कपाळावरून खाली ओढला, मान वाकडी केली, सरळ केली. पुन्हा वाकडी केली.

“काय दिसतंय?”

सावळारामांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि पुन्हा लावला.

“अवो, वलं हाय का कोरडं? बोला की! शिडी सोडू का?”

ते उतरले. एक एक पायरी, बायकोकडे न बघता. भिंतीला टेकवलेला कोयता त्यांनी उचलला तशी मुक्ताबाई कबरीच्या खोडापुढे जाऊन उभ्या राहिल्या. पण ते उलटे वळले आणि शेडमध्ये गेले. बाहेर आले तेव्हा कोयता हातात नव्हता. खांद्यावर ठिबकच्या नळीचं वेटोळं होतं, बागेतल्या नव्या रोपांसाठी आणून ठेवलेलं.

“ती नळी कुणाला? कबरीला? सांडपाण्यावर जगलीय ती आजवर!” मुक्ताबाईंचा आवाज चढला, आणि चढता चढता त्यात हसू शिरलं. “अवो, कुठं चाललात? हरला म्हणा की एकदा!”

सावळाराम नळीचं एक टोक जमिनीवर सोडत, मोरीपासून शेततळ्याकडे चालत गेले.