सरांचा अर्ज

पंचवटीत मालेगाव स्टँडजवळ, भांड्यांच्या एका दुकानाच्या माडीवर आमच्या सरांचा कॉम्प्युटर क्लास होता. जिना इतका अरुंद, की वरून कुणी उतरत असेल तर खाली वाट बघायची. नव्वदीची शेवटची वर्षं होती ती. मी बी.एस्सी. करत होते आणि एका जागी बसणं मला जमत नव्हतं. आई म्हणायची, "हिच्या पायाला भिंगरी बांधलीय." क्लासला जायला लागले तेही कॉम्प्युटरच्या ओढीनं नाही, दुपारी घरात बसवत नसे म्हणून.

बाकीचे सगळे टायपिंग आणि हिशेबाचं पॅकेज शिकायला येत. सरांना स्वतःला त्यात रस नव्हता. एका मासिकाबरोबर आलेली, विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्सची सीडी त्यांनी कोपऱ्यातल्या मशीनवर चढवली होती आणि वेळ मिळाला की ते तिथं जाऊन बसत. एकदा मी मागं उभी राहून बघत होते.

"याचं सगळं उघडं आहे," ते म्हणाले. "आत काय लिहिलंय ते वाचता येतं. बदलताही येतं."

"बदललं तर कुणी रागावत नाही?"

"नाही गं. चांगलं बदललंस तर ठेवून घेतात."

त्या दिवसापासून ते मशीन माझंही झालं. सर शिकवायचे मात्र छान. एखादी गोष्ट कळली नाही तर ती चार वेगळ्या तऱ्हांनी सांगायचे, आणि कळल्याचं आपल्या चेहऱ्यावर दिसलं की हात चोळत खिडकीशी जाऊन उभे राहायचे.

पदवीनंतर मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कंपनीत लागले. कारखान्यांसाठी हजेरीचे, स्टोअरचे प्रोग्रॅम लिहायचे. काम वाईट नव्हतं, पण सहा महिन्यांत मला ते पाठ झालं. बरोबरीचे सगळे पुण्याला गेले. मीही पुण्याला मुलाखती देऊन आले. एके ठिकाणी कोड्यांची उत्तरं विचारली, दुसरीकडे फक्त टक्के. मी लिहिलेली एक ओळसुद्धा कुणी बघायला मागितली नाही. परतीच्या एसटीत सिन्नरचा घाट येईपर्यंत मी रागानं नुसती धुमसत होते.

त्याच सुमारास मला माझं काम सापडलं. लिनक्सवरच्या एका लिहिण्याच्या प्रोग्रॅममध्ये मराठी धड उमटत नसे. पहिली वेलांटी अक्षराच्या मागं जाऊन बसायची. नाशिक लिहावं तर पडद्यावर 'नाशकि' दिसायचं. आपल्या गावाचं नाव असं मोडलेलं बघून मला राहवेना. कॉलेज रोडच्या सायबर कॅफेत जाऊन मी त्याचा सगळा कोड उतरवून घेतला आणि घरी वाचत बसले. सुटीच्या दुपारी लोडशेडिंग व्हायचं तेव्हा कागदावर छापलेला वाचायचा. पुष्कळ आठवड्यांनी एक दुरुस्ती जमली. तो प्रोग्रॅम सांभाळणारी बाई जर्मनीत होती. तिच्याकडे ती पाठवून दिली.

तिचं उत्तर आलं, त्यात नमस्कार नाही, आभार नाहीत. फक्त माझ्या चुका, एकाखाली एक. मला रडूच आलं. सरांना दाखवलं तर ते खूश.

"एवढ्या चुका काढल्यात म्हणजे शेवटपर्यंत वाचलंय तिनं. तुझं इतकं मन लावून इथं कुणी वाचलंय का? लिही पुन्हा."

पुन्हा लिहिलं. मग आणखी एकदा. शेवटी ती दुरुस्ती घेतली गेली, आणि पुढं दोन-तीन वर्षं मी तिला काही ना काही पाठवत राहिले. एके दिवशी तिची नेहमीसारखीच कोरडी मेल आली, की त्याच प्रोग्रॅमवर तिनं एक लहान कंपनी काढली आहे, मी काम करीन का? मुलाखतीचं काय, असं मी विचारलं. ती म्हणाली, तुझी मुलाखत मी कधीपासून घेतेच आहे.

बाबांना हे पटेना. ते सातपूरच्या कारखान्यात मशिनिस्ट होते. भोंगा, गेट आणि पंचिंग कार्ड असलं की ती नोकरी.

"ऑफिस कुठं आहे?"

"नाहीच ऑफिस, बाबा. घरूनच करायचं."

"आणि साहेब?"

"बाई आहेत. जर्मनीत."

"भेटलीस त्यांना?"

"नाही."

महिनाभर बाबा शेजाऱ्यांना मी अजून अंबडलाच जाते असं सांगत होते. नंतर एक दिवस त्यांनी स्वतःच इन्व्हर्टर आणून बसवला आणि माझ्या खोलीचं दार बाहेरून आपटू नये म्हणून त्याला रबर लावलं. मला वाटलं होतं, मनासारखं काम मिळालं की माझी तगमग थांबेल. थांबली नाही. दिवसभर त्या खोलीत मी खुर्चीवरून उठायचे, खिडकीशी जायचे, परत बसायचे.

काही वर्षांनी कंपनीला आणखी एक माणूस हवा होता. निवड मी करायची असं बाईंनी ठरवलं. मी जाहिरात लिहिली आणि त्यात मुद्दाम घातलं, की टक्के नकोत, कोडी नाहीत. प्रोग्रॅममधली एक खरी चूक देऊ, ती दुरुस्त करून पाठवा. हे लिहिताना मला पुण्याच्या त्या मुलाखतींचा सूड उगवल्यासारखं वाटलं होतं.

अर्ज येऊ लागले. त्यातला एक उघडला आणि पहिल्याच ओळीत होतं, 'रिस्पेक्टेड मॅडम'. खाली सरांचं नाव.

मी खोलीतून बाहेर आले, पाणी प्यायले, परत आत गेले. मला 'अगं' म्हणणारा माणूस. फोन करावा का? काय बोलणार? मोठमोठ्या संस्था चकचकीत क्लास काढायला लागल्यापासून सरांकडची मुलं कमी झाली होती, हे मला माहीत होतं. इतकी कमी झाली असतील हे माहीत नव्हतं.

त्यांनी पाठवलेली दुरुस्ती मी बाकीच्यांसारखीच नाव काढून टाकून बाईंकडे पाठवली. बाईंचं उत्तर आलं: हा जो कुणी आहे, तो समजावून फार सुरेख सांगतो, पण चूक आहे तिथंच आहे. मीही वाचलं होतं. खरंच तसंच होतं. कोडपेक्षा त्याचं स्पष्टीकरण मोठं, आणि त्या स्पष्टीकरणात सरांचा आवाज जसाच्या तसा.

नकाराची मेल मी लिहायला घेतली आणि प्रत्येक वेळी पुसली. शेवटी स्कूटी काढली आणि पंचवटीत गेले.

क्लासमधली निम्मी टेबलं रिकामी होती. सर एकटेच होते. मला बघताच उठून उभे राहिले, आणि ते मला सगळ्यात जास्त लागलं.

"या, बसा," म्हणाले.

"सर, असं नका ना बोलू."

"बरं. सांग मग. नाही झालं ना?"

"नाही झालं, सर."

त्यांनी मान हलवली. रस्त्यावरून भाजीच्या हातगाड्या जात होत्या, त्यांच्याकडे बघत राहिले. मग एकदम म्हणाले, "कुठं चुकलो ते तरी दाखव."

आम्ही कोपऱ्यातल्या मशीनवर बसलो. मी दाखवायला लागले तर त्यांनी माझा हात बाजूला केला. "अगं थांब, सांगू नकोस. मला बघू दे." ते वाचत होते, पुटपुटत होते, मागं जात होते. मधे मी दोनदा उठून जिन्यापर्यंत जाऊन आले. चहा आला, गार झाला. ऊन खिडकीतून सरकून भिंतीवर गेलं तेव्हा ते ओरडले, "जोडाक्षर! जोडाक्षर असलं की अक्षरांची मोजणी एकानं पुढं जाते!"

बरोबर होतं. दोन ओळींत त्यांनी ते नीट केलं आणि हात चोळत उभे राहिले. माझ्याकडे वळून हसत म्हणाले, "आता घेतेस का?"

चेष्टाच होती. तरी त्यांनी उत्तरासाठी क्षणभर वाट पाहिली, हे मला दिसलं. "चहा परत सांगतो," म्हणून ते जिना उतरून गेले.

ती जागा केरळमधल्या एका मुलीला मिळाली. ती त्या जागेला अगदी योग्य होती. याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. सरांनी त्याच वर्षी क्लास बंद केला आणि शहराबाहेरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात लॅब सांभाळायला लागले. तिथल्या मुलांना ते लिनक्स शिकवतात असं कानावर आलं. मग त्या कॉलेजातल्या मुलांच्या दुरुस्त्या आमच्याकडे येऊ लागल्या. काही बऱ्या, काही अगदीच कच्च्या. त्या मीच तपासायचे. सरांनी स्वतः मात्र पुन्हा कधी काही पाठवलं नाही, आणि का, ते मी विचारलं नाही.

निवडीचं काम पुढंही माझ्याकडेच राहिलं. पद्धत तीच ठेवली. तिच्याहून चांगली मला अजून सुचलेली नाही. पण कुणाला नाही म्हणायचं असलं की माझं हे असं होतं: मेल लिहून तयार असते आणि मी घरभर फिरत राहते, बाल्कनीतून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून परत बाल्कनीत. आई भाजी निवडताना वर न बघता म्हणते, "अगं, बैस की एकदाची." बसते. पण बोट त्या बटणावर लगेच जात नाही.