पाय माझा, दुखणं हिचं

मी शाळामास्तर. भानामती, भुतंखेतं, देवऋषी या सगळ्याला वर्गात पोरांसमोर हसत आलेला माणूस. तेव्हा ही हकिगत वाचून कोणी मला हसलं तर तक्रार नाही... पण घडलं ते असं.

मुक्काम बोर्ली पंचतन. साल मिठाच्या सत्याग्रहानंतरचं. मधुमेहापायी माझी दोन्ही पावलं बधिर झालेली. म्हसळ्याच्या डॉक्टरांनी सुई खुपसली तरी मला पत्ता नाही. म्हणाले, "मास्तर, नर्व्ह गेल्या. आता डोळ्यांनीच पाय सांभाळा." म्हणजे वहाण झटकून घालायची, ऊन पाणी आधी दुसऱ्याने हात घालून बघायचं, तळवे रोज तपासायचे. पहिली दोन कामं ही, माझी बायको, करी. तिसरं माझ्याकडे होतं आणि मी ते टाळत असे. स्वतःच्याच पायांची किळस यायची हो... भेगाळलेले, मेणचट, मढ्याचे असावेत तसे. गावात तर कुजबुज होती की मास्तरला रक्तपिती झाली. माझा उष्टा पेला लोक राखेने तीनतीनदा घासत.

एका रविवारी दुपारी मी ओटीवर आडवा पडून वाचत होतो. ही समोर तांदूळ निवडत होती. मध्येच म्हणाली, "पायाच्या करंगळीला मुंग्या आल्यात वो."

"मांडी सोड. पाय झाड," मी वर न बघताच म्हणालो.

"झाडला. जात न्हाय. चावतात."

खाजवून खाजवून तिने बोट लाल केलं. तिथे एकही मुंगी नव्हती. मग तिची नजर माझ्या पायाकडे गेली आणि हातातलं सूप खाली पडलं.

मुंग्या होत्या — खऱ्या, तांबड्या. भिंतीवरून उतरलेली रांग माझ्या करंगळीखालच्या भोकात शिरत होती. बाहेर येणारीच्या तोंडात पांढरं काहीतरी होतं. माझंच मांस ते. वहाणेचा खिळा किती दिवस टोचत होता, कोण जाणे. दाबल्यावर पू आला, आणि वास असा की मला तिथेच ओकारी झाली. तिने ते धुतलं.

योगायोग, म्हटलं. पण पुढे करंगळी काळी पडली. डॉक्टरांनी ती क्लोरोफॉर्मशिवायच कापली. मी पान चघळत बघत होतो. संध्याकाळी घरी आलो तर ही पाय धरून बसलेली. जखम नाही, ओरखडा नाही.

"शाळंची मधली सुट्टी झाली तवा कुनी इळीवर धरल्यावानी झालं," म्हणाली.

मी त्याच वेळी डॉक्टरांच्या टेबलावर होतो.

काल डॉक्टर म्हणाले, शेजारचं बोटही काढायला हवं, नाहीतर पाय जाईल. हिला सांगायचं नाही असं ठरवून परतलो. दारातच ती म्हणाली, "दुसरं बी कापून टाका आता. रोज ठनकन्यापरीस एकदाच काय ते होऊंद्या."

माझ्या गेलेल्या नर्व्ह हिच्या पायात कशा जाऊन बसल्या, मला आजवर कळलेलं नाही. सोमवारी तिला बरोबर नेणार आहे. क्लोरोफॉर्म हिला द्या, असं डॉक्टरांना सांगायचं आहे. ते काय म्हणतील ते म्हणोत.