पटपडगंजची लढाई आणि सह्यांचा कागद

सगळा दोष जोगळेकर काकांचा. दिल्लीत मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत रिटायर्ड मराठी अधिकारी इतके, की पटपडगंजच्या लढाईचा दर चहाला एक नवा किस्सा निघतो. इथेच १८०३ साली शिंद्यांची फौज इंग्रजांकडून हरली. बी.ए.च्या शेवटच्या वर्षी मी याच किस्स्यांवर प्रोजेक्ट घेतला. मॅडमची अट एकच: सांगणाऱ्यांच्या सह्या, सोमवारपर्यंत. नाहीतर नापास.

गेटजवळच्या कडुलिंबाला एका सरदाराने आपला घोडा शेवटचा बांधला, हे काकांनी डोळे ओले करून सांगितलं. मी लिहून घेतलं. निघताना काकू म्हणाल्या, "अरे, ते झाड ह्यांनीच लावलंय. फ्लॅटचं पझेशन मिळालं त्या वर्षी."

नवी गाडी आली की आधी त्या कडुलिंबापुढे नारळ, सैनिकांचा मान म्हणून. कुलकर्णी काकांनी तो असा आपटला की करवंटी उडून नव्या काचेलाच तडा गेला. जोगळेकर काका गंभीरपणे म्हणाले, "घाव समोरून झेलला हो गाडीने!"

गार्ड रामफळ शेजारच्याच गावचा. त्याच्या गावात सांगतात ती लढाई एवढीच: "दोनों फौजें हमारे बैल हाँक ले गईं. लौटाने कोई नहीं आया." मला तेवढंच खरं वाटलं. रामफळने तिथल्या तिथे सही केली. शुक्रवार आला तरी दुसरी सही नाही.

जोगळेकर काका रामफळचा किस्सा वाचून भडकले. "आपल्या फौजेने बैल चोरले? आणि हे रेकॉर्डवर?"

मग फौज काय हवा खात होती का, असं मी विचारलं. मोठ्यांशी असं बोलतात का वगैरे झालं. शेवटी म्हणाले, कागद ठेवून जा.

काकांनी त्याची फाइल केली. टॅग लावला. आधी ज्युनिअरची सही, मग सीनिअरची, सगळ्यात शेवटी काकांची. रविवारी फाइल अडली, कारण कुलकर्णी मुलीकडे फरीदाबादला. त्यांना सोडून पुढे न्या म्हटलं, तर काका म्हणाले, "ते डेप्युटी सेक्रेटरी होते. त्यांना ओलांडून फाइल वर कशी येईल?" रिटायर होऊन दहा वर्षं झाली यांना!

सोमवारी सकाळी कुलकर्णी परतले. मी सही घेऊन जिन्याने पळत वर गेलो. काकांनी चष्मा पुसला, पहिल्यापासून सगळं वाचलं आणि हिरव्या शाईने लिहिलं: 'कृपया चर्चा करावी.'

चर्चा गुरुवारी झाली. बैल एकमताने मंजूर झाले.

मी नापास झालो. शेवटचं वर्ष परत केलं नाही, कॉलेज सुटलं.