कंप्युटरचा आवाज कुठं गेला?

"पोरगी गुणाची हाय हो वन्सं. पण ती मशीन गप झाली की पोरगीबी गप. लातूरला एकटी काय करंल?"

सासूबाई निलंग्याच्या आत्याबाईंना फोनवर दबक्या आवाजात सांगत होत्या. मला दिसत नाही, पण ऐकू येतं. ही गोष्ट आमच्या नांदेडच्या घरात अजून कुणाच्या नीट ध्यानात आलेली नाही. म्हणून तर लग्नानंतरच्या सात महिन्यांत माझ्याकडे इतके किस्से जमलेत!

लातूरच्या एका सरकारी ऑफिसात लिपिक म्हणून माझी नेमणूक झालीय. जायचं की नाही, ते घरात ठरायचं होतं. आणि मशीन म्हणजे माझा कंप्युटर. त्यातला स्क्रीन रीडर पडद्यावरचं सगळं मला हेडफोनमध्ये वाचून दाखवतो. तो आवाज गेला की माझ्यापुरता कंप्युटर म्हणजे लोखंडी डबा.

*

पहिल्यांदा आवाज गेला खंडेनवमीला. कामाला बसले, तर हेडफोन मुका. व्हॉल्यूम वाढवला, स्क्रीन रीडर बंद करून पुन्हा लावला. काही नाही. पिन उपसली, तर बोटाला ओलसर लागलं. वास घेतला. हळद!

"आज हत्याराची पूजा असती ना," सासूबाई दारातून म्हणाल्या. "तुझं हत्यार हेच. भोकालाबी हळदीकुंकू लावलं. तिथूनच बोलतंय ना ते?"

मी पिन मागच्या बाजूच्या जॅकला लावली. आवाज आला. पुढचं हळदीकुंकू मी अजून पुसलेलं नाही.

*

मागच्या जॅकमधून खरखर यायला लागली, तेव्हा ह्यांनी दुकानातून मेकॅनिक बोलावला. माझ्याकडे मॉनिटर जोडलेला नसतो, म्हणून तोही त्यानं सोबत आणला.

"दादा, वहिनींना विचारा, पासवर्ड काय हाय?"

मी दोघांच्या मधे बसले होते. मी ह्यांना सांगितला, ह्यांनी त्याला सांगितला.

अर्ध्या तासानं तो खुशीत म्हणाला, "दादा, खरखर गेली! आत एक बाई सारखी बडबड करून राहिली होती. व्हायरस असंल. काढून टाकली. आता बघा कसं शांत!"

खरंच शांत होतं. कंप्युटरमधला दुसरा, कामचलाऊ आवाज सुरू करून स्क्रीन रीडर परत बसवायला मला दीड तास लागला.

*

एकदा ह्यांनी लग्नाचे फोटो मोठे दिसावेत म्हणून कंप्युटरची वायर हॉलमधल्या टीव्हीला जोडली आणि तशीच ठेवली.

सकाळी मी लातूरच्या ऑफिसला मेल लिहीत होते. घरात अजून विचारलं नव्हतं. आधी लिहून ठेवू, पाठवायचं नंतर बघू, असा विचार. तेवढ्यात हेडफोन एकदम गप! पिन घट्ट केली. ओळी वरखाली करून पाहिल्या, एकेक, पुन्हा पुन्हा. कानात काहीच नाही.

हॉलमध्ये कपबशी ठेवल्याचा आवाज आला. मग मामांचा. सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो.

"सूनबाई, मी बातम्यांसाठी टीव्ही लावला. तर टीव्ही म्हणून राहिला, तुम्ही लातूरला रुजू होणार!"

त्या दिवशी हे बराच वेळ वायर गुंडाळत राहिले.

*

पंधरा दिवसांनी आत्याबाई स्वतःच आल्या. त्यांच्या शब्दाबाहेर मामा जात नाहीत.

"दाखव बरं पोरी, कसं काम करतीस."

सगळ्यांना ऐकू यावं म्हणून मी हेडफोन काढून स्पीकर लावला. स्क्रीन रीडरनं दीड ओळ वाचली आणि अर्ध्या शब्दावर गप झाला.

एकच धावपळ! मामांनी वायरी हलवल्या. सासूबाईंनी स्पीकरला दोन चापट्या मारल्या. "पुन्हा कुंकू लावलं का गं वहिनी?" आत्याबाईंनी विचारलं. ह्यांनी मेकॅनिकला फोन लावला. पडद्यावर बघावं, तर मॉनिटर मी कधी जोडतच नाही.

"हे बघ," आत्याबाई मामांना म्हणाल्या, "लातूरला असं झालं तर हिनं कुणाला हाक मारायची?"

थंडीचे दिवस, भर दुपार, पंखे बंद.

त्या घरात मी पहिल्यांदाच, कुणी न विचारता बोलले.

"आत्याबाई, लाईट गेलीय. स्वयंपाकघरातल्या फ्रिजची घरघर थांबली तेव्हाच गेली. आली की मला सांगा, तोवर मी बॅग भरते."